बसच्या काचेचा टवका ‘भरून देणाऱ्या’पासून सावध राहा

निपाणी, संकेश्वर, हत्तरगी या पट्ट्यात ज्यांच्या बस किंवा ट्रक चालतात, त्यांनी हे नीट वाचावं. हायवेच्या ढाब्यांवर आणि पंपांवर एक माणूस मोटारसायकलला पेटी बांधून फिरतोय. खडा लागून पुढच्या काचेचा टवका उडाला असेल तर जागच्या जागी भरून देतो म्हणतो. आमच्याकडून त्याने 2,400 रुपये घेतलेच, शिवाय दुरुस्त होण्यासारखी काच कायमची बाद करून गेला.

आमची एक बस आहे. लग्नसराई, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, मधूनमधून गोव्याचं भाडं, यावर घर चालतं. सौंदत्तीहून परत येताना यमकनमर्डीजवळ खडीच्या डंपरमधून खडा उडाला आणि क्लीनरच्या बाजूला काचेवर बसला. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान, त्याला तीन बारीक तडे फुटलेले. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर काच गुळगुळीत, म्हणजे फुटला होता तो फक्त बाहेरचा थर. लॅमिनेटेड काचेत दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा असतो. एवढाच मार असेल तर तो खरंच भरता येतो.

दुपारी निपाणीत पंपाशेजारी बस उन्हात उभी होती. मी डिझेलचा हिशेब करत होते. हा माणूस आला तो हसतच. “वहिनी, काच बदलायचं काय कारण न्हाई. मी गडहिंग्लजचाच की, बाहेरचा न्हवं.” मोबाइलवर त्याने आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मग काचेवर बॅटरी मारून आणखी तीन ठिकाणं दाखवली, “ह्यातनं बी तडा जाईल” म्हणाला. ते नुसते वाळूचे ओरखडे होते, त्यांना भरण्यासारखी पोकळीच नसते. टवक्याला 600 असा भाव लावून त्याने चारही ठिकाणांचे पैसे धरले.

काम पाच-दहा मिनिटांत संपलं. सिरिंजने काहीतरी सोडलं, अंगठ्याने दाबलं, फडक्याने पुसलं. आणि टवका दिसेनासा झाला! आमचे ड्रायव्हर मामा बाहेरून बघून आले, मी आतून बघितलं. काच स्वच्छ. पैसे दिले.

सगळी फसवणूक त्या ‘दिसेनासा’ होण्यात आहे. टवका पांढरा दिसतो तो आत हवा शिरल्यामुळे, कारण काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रकाश परत फिरतो. त्या पोकळीत कुठलंही पारदर्शक तेल गेलं की प्रकाश सरळ पार जातो आणि डोळ्याला काच अखंड वाटते. पण तेलाने काच सांधली जात नाही. कारच्या कललेल्या काचेत ते थोडा वेळ टिकतं. बसची काच भिंतीसारखी उभी, तिथे ते खाली ओघळायला लागतं.

पुढच्याच गोव्याच्या भाड्याला चोर्ला घाटात ते उघडं पडलं. वळणावर बसची बॉडी पिळवटते, तो ताण एवढ्या मोठ्या काचेवर येतो, त्यात पहाटेचा गारवा. टवका पुन्हा पांढरा झाला होता, त्याच्याखाली तेलाचा ओघळ, ओघळाला धूळ चिकटलेली, आणि एक तडा पार वायपरपर्यंत गेलेला.

बेळगावात एका जाणत्या कारागिराला दाखवलं. त्यांनी टवक्यात सुई घातली आणि टिश्यू पेपर टेकवला. कागदावर पिवळट तेलकट डाग उमटला. “ताई, आता ह्यात रेझिन धरत नाही. कोरा टवका घेऊन आला असता तर भरून दिला असता.” रेझिन म्हणजे टवक्यात भरायचा पारदर्शक चिकट द्रव, जो नंतर घट्ट होतो. एक पैसा न घेता त्यांनी उभ्या काचेचं खरं काम कसं होतं ते समजावून सांगितलं. गाडी सावलीत घ्यावी लागते, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन आत पोचायच्या आधीच घट्ट होतं. टवका कोरडा करावा लागतो. मग सक्शन कपवर बसवलेला इंजेक्टर बरोबर टवक्याच्या मध्यावर, काचेला काटकोनात धरायचा. उभ्या काचेवर तो स्वतःच्या वजनाने घसरतो, म्हणून त्यावर सतत लक्ष. आधी आतली हवा ओढायची, मग दाबाने रेझिन सोडायचं, असं आलटून पालटून. वरचा खड्डा भरायला दाट रेझिन, आणि ते ओघळू नये म्हणून लगेच पारदर्शक पट्टी चिकटवायची. मग रेझिन घट्ट करायला यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, आणि शेवटी ब्लेडने खरवडून पॉलिश. एका टवक्याला अर्धा तास सहज जातो. इतकं करूनही फिकट खूण उरतेच. त्यामुळे ‘अजिबात दिसणार नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

नवी काच, रबर बीडिंग आणि मजुरी मिळून 18,000 रुपये गेले. विमा थर्ड पार्टी, त्यात काचेचे पैसे मिळत नाहीत. यात्रेचं एक भाडंही हातचं गेलं, त्याचं दुःख वेगळंच.

नंतर चिकोडीच्या एका ट्रकवाल्याशी बोलणं झालं. तोही असाच लुटला गेला होता. त्याच्याशी मात्र हा माणूस कन्नडमध्ये बोलला आणि गाव गोकाक सांगितलं. आपल्या भाषेत बोलतो, आपल्याकडचा म्हणवतो, म्हणून आपण विश्वास टाकतो, आणि तो नेमका त्यावर जगतो. याचा मला जास्त संताप येतो.

काचेला खडा लागला तर त्यावर लगेच साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, आणि ओळखीच्या दुकानात न्या. ज्यांनी या माणसाला पैसे दिलेत त्यांनी पावती जपून ठेवा. आमच्या पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर, आणि दिलेला मोबाइल बंद. तरी आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तुमच्याही तक्रारी गेल्या तर एकट्या आमच्या कागदापेक्षा त्यांना वजन येईल.