टच पॅनेलला आर्द्रतेचा सेन्सर: आत, वायरीवर की वायरलेस?

भिंतीवरच्या टच पॅनेलवर दिवे-पंख्यांच्या बटणांशेजारी घरातली आर्द्रता दिसावी आणि ती वाढली की डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) आपोआप चालू व्हावा, असं मनात असेल तर सेन्सर कुठला घ्यायचा यापेक्षा तो बसवायचा कुठे हे आधी ठरवा. कोकणात सगळा घोळ तिथेच होतो.

सगळ्यात सोपं म्हणजे पॅनेलच्या आतच बसवणं. पण बॅकलाइट आणि वायफायची चिप यांनी पॅनेल आतून गरम होतं, आणि हवा तापली की सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा) उतरते. खोलीत २७ अंश आणि ९० टक्के असताना सेन्सरजवळ नुसते ३ अंश जास्त झाले, तर आकडा ७६च्या आसपास दिसतो. गाद्यांना कुबट वास सुटलाय आणि पॅनेल निवांत! ईएसपीहोम या पॅनेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक अंश वजा करता येतात, पण स्क्रीन मंद झाली की तीही वजाबाकी चुकते. हा पर्याय मी बाद धरतो.

उरले दोन. ईएसपी३२ ही वायफाय-ब्लूटूथची चिप असलेल्या, पाच व्होल्टवर चालणाऱ्या पॅनेलला आय-टू-सीच्या (सेन्सर जोडायची एक पद्धत) चार वायरी काढून सेन्सर बाहेर लावता येतो. वायर मीटरभराच्या आत ठेवा, आणि सेन्सर पॅनेलच्या खाली लावा. वर लावलात तर पॅनेलचीच गरम हवा त्याच्याकडे जाते. याचा मोठा फायदा पावसाळ्यात कळतो. लाईट गेली, राउटर बंद पडला, तरी पॅनेल इन्व्हर्टरवर असेल तर आकडा दिसत राहतो. मात्र पॅनेल २३० व्होल्टच्या स्विचबॉक्समध्ये बसणारं असेल तर त्यातून सेन्सरच्या वायरी ओढू नका.

वायरलेसमध्ये तोडफोड नाही. माळा, मागची पडवी, कपाटाचा आतला कप्पा, कुठेही ठेवा. पण झिगबी (कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत) सेन्सरचा आकडा सहसा हब आणि होम असिस्टंट या घर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमार्गे पॅनेलवर येतो, म्हणजे लाईट गेल्यावर तेही चालू राहायला हवेत. ब्लूटूथवाला ईएसपी३२ला थेट ऐकू येतो. फक्त स्वस्त पॅनेलमध्ये स्क्रीन आणि ब्लूटूथ दोन्ही चालवताना मेमरी अपुरी पडते. शिवाय चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल कितपत पोचतो ते खिळा ठोकण्याआधी बघून घ्या. पॅनेल असलेल्या खोलीपुरतं काम असेल तर मी वायरच घेईन, बाकी खोल्यांना वायरलेस.

आता सेन्सर. डीएचटी११ला हात लावू नका, त्याची चूक ५ टक्क्यांच्या घरात असते. एसएचटी४०ची चूक २ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात छोटा हीटर असतो. सेन्सरवर ओल धरली तर ती उडवायला तो कामी येतो. बीएमई२८० यापेक्षा थोडा ढिला, पण हवेचा दाबही देतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हापासून दाबाचा उतरता आलेख घरात दिसावा असं वाटणाऱ्यांना तो पटेल. घेताना एवढं बघा, की बीएमई म्हणून बीएमपी२८० गळ्यात पडत नाही ना. त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. चिपचा ओळख-क्रमांक (आयडी) ०एक्स६० आला तर बीएमई, ०एक्स५८ आला तर बीएमपी.

समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याचा त्रास वेगळाच. सेन्सरवर बसलेलं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणून पीटीएफईची (टेफ्लॉनची, हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी) जाळी असलेला सेन्सर घ्या. बोर्डाला लॅकर मारणार असाल तर सेन्सरच्या भोकावर चिकटपट्टी लावून मगच मारा.

तपासणीही मिठानेच होते. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ पाण्याने नुसतं ओलसर करायचं, पाण्याला न लागता सेन्सर शेजारी ठेवायचा आणि डबा घट्ट लावून रात्रभर सोडायचा. सकाळी २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ यायला हवा. ८२ आला तर पावसाळा लागायच्या आत बदलून घ्या.