सेकंडहँड रंधा मशीन: नऊ महिने आणि अर्ध्या इंचाचा एक बोल्ट

परवा फोन आला. नऊ महिन्यांपूर्वी ज्यांचं वर्कशॉप बंद होताना मी रंधा मशीन उचललं, तेच गृहस्थ. "बँडसॉ अजून तसाच पडलाय. भंगारात घालवायला हात होत नाही. तुम्ही नेता का?" बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पात्याची करवत. दोन दिवस द्या, म्हटलं. आणि हो म्हणायच्या आधी पहिल्या मशीनने मला काय दिलं आणि माझं काय खाल्लं, ते एकदा मांडून बघावं म्हणून हे लिहितोय.

मशीन बारा इंची. वर सरफेस (फळीची बाजू सपाट करायला), खाली थिकनेसर (जाडी सारखी करायला), गोल शाफ्टवर तीन पाती, थ्री फेज मोटर. वयाची पाटी घासून गुळगुळीत झालेली. बाकी ज्यांनी असं धूड वापरलंय त्यांना वर्णनाची गरज नाही.

आधी चांगलं. बिडाची टेबलं. वरचा गंज पाहून मी जवळजवळ परत फिरलो होतो, पण तो नुसता वरवरचा निघाला. रॉकेल, बारीक पॉलिश पेपर आणि दोन रविवार, एवढ्यात टेबल चकचकीत. मग मीटरभराची सरळपट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून पाहिली. फट मोजायचं पातळ पान, म्हणजे फीलर, ०.१ मिमीचं, कुठेही शिरलं नाही. एकदा सरळ तासलेलं जुनं बीड इतक्या वर्षांत जे काही हलायचं ते हलून बसलेलं असतं, ते आता कुठे जाणार! तडा मात्र घ्यायच्या आधीच बघा. हातोडीच्या लाकडी दांड्याने टेबल, पाय, ब्रॅकेट सगळीकडे ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की तिथेच थांबायचं. बिडाचं वेल्डिंग म्हणजे आधी तापवा, निकेलची कांडी वापरा, मग हळूहळू थंड करा, आणि एवढं करूनही शेजारी नवा तडा जाऊ शकतो.

बेअरिंगचा आनंद वेगळाच. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, पण शाफ्टवरची बेअरिंगं ६२०५ नंबरची निघाली. नंबरातले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक मिमीमध्ये, ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. आत २५, बाहेर ५२, रुंदी १५ मिमी. जगात कुठेही मिळणारा माल. पत्र्याच्या झाकणाची झेडझेड न घेता रबरी सीलची टू-आरएस घेतली, कारण पत्र्याच्या झाकणातून भुसा आत जातो, रबरी सील तो बराच अडवतं. जुन्या मशीनचे सुटे भाग मिळत नाहीत असं लोक सरसकट म्हणतात. मिळतात. जे मिळत नाहीत त्यांच्याकडे येतोच.

मोटरच्या बाबतीत नशिबाने वाचलो. माझ्या शेडमध्ये सिंगल फेज. मोटरच्या पाटीवर २२०/३८० असे दोन आकडे होते आणि जोडपेटीत सहा टोकं. पितळी पट्ट्या फिरवून स्टारची जोडणी बदलून डेल्टा, म्हणजे २२० वर चालणारी, केली, मध्ये व्हीएफडी (सिंगल फेजचं थ्री फेज करणारा डबा) बसवला, झालं काम. पाटीवर नुसतं '३८० डेल्टा' असतं तर हा रस्ता बंद होता. जुना स्विच मात्र मोटर आणि व्हीएफडीच्या मध्ये ठेवू नका. चालू मोटर तिथे तोडली तर व्हीएफडीचा जीव जाऊ शकतो. शिवाय पूर्वी बंद केल्यावर शाफ्ट कितीतरी वेळ भोवरा घुमत राहायचा, आता चार सेकंदांत थांबतो. हा फायदा मी धरलाच नव्हता.

पाचव्या महिन्यात मी एका मित्राला लिहून दिलं होतं: घे, डोळे झाकून घे, नवीन मशीन म्हणजे पैसे पाण्यात. तो मजकूर आता मागे घेतोय. निदान 'डोळे झाकून' एवढे शब्द तरी.

झालं असं, की फळ्या काटकोनात येईनात. पहिली नीट, दुसरी नीट, चौथ्या-पाचव्या फळीला गुण्या लावला की उजेड दिसायचा. आधी पात्यांवर संशय. लाकडाची सरळ काठी मागच्या टेबलावर ठेवून हाताने शाफ्ट फिरवला. प्रत्येक पातं काठीला दोन्ही टोकांना सारखंच, तीनेक मिमी, पुढे ओढत होतं. पाती निर्दोष. मग टेबलाच्या सरकपट्ट्या कसल्या. मग स्वतःच्या हातावर संशय घेतला, हे सगळ्यात वाईट. तीन आठवडे गेले. एका कपाटाच्या चौकटी चारही बाजूंनी पीळ खाऊन बसल्या. 'आता हे कपाट की जिना?' असं घरातून विचारलं गेलं.

गुन्हेगार निघाला फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी, आवळायचा बोल्ट.

या बोल्टवर मी प्रमाणाबाहेर लिहिणार आहे, त्याने माझं तेवढं खाल्लंय. मशीन जुन्या इंची मापाचं, म्हणजे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेली पद्धत, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकन इंची बोल्टांचा कोन ६० अंश. आता गंमत बघा. पाव इंच, पाच-सोळांश, तीन-अष्टमांश, सात-सोळांश या मापांत दोन्हीकडे इंचाला आटे सारखेच. कोनाचा फरक असला तरी बोल्ट बसतो, आवळतो, वर्षानुवर्षं चालतोही. नेमक्या अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे आटे बारा आणि अमेरिकन तेरा. आधीच्या कोणीतरी तिथे तेरावाला घुसवला होता. तो तीन-चार आटे गोडीगुलाबीने आत जातो आणि मग घट्ट होतो. पाना लावणाऱ्याला वाटतं, वा, आवळलं. प्रत्यक्षात बोल्ट भोकातच अडकलेला असतो आणि फेन्स धड दाबलेलाच नसतो. तीन फळ्यांचे धक्के खाल्ले की फेन्स केसभर कलतो. हाताला तर अजूनही घट्टच लागतं. यापेक्षा तुटलेला बोल्ट बरा, तो निदान खोटं बोलत नाही.

इंचाला आटे किती ते दाखवणारं पिच गेज लावायला अर्धा मिनिट लागतो. मी तो तीन आठवड्यांनी लावला.

पुढचं सरळ होतं. भोकातले आटे चावले गेले होते, पण पूर्ण गेले नव्हते. अर्धा इंच व्हिटवर्थचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मागवला, तेल घालून हळूहळू मारला, लेथवाल्याकडून बोल्ट कापून घेतला. लेथवाल्याने विचारलं, "एकच?" मी तीन करून घेतले. कंजूष माणूस आहे मी, पण त्या दिवशी नव्हतो. तेव्हापासून काटकोन एकदाही हललेला नाही.

आता पैशांचं. मशीन, व्हीएफडी, बेअरिंगं, पाती, पट्टा, टॅप आणि ने-आण धरून मी नव्या हलक्या मशीनच्या जवळ पोहोचलो. रविवार धरले तर पार पुढे गेलो. म्हणजे स्वस्त पडलं म्हणून फुशारकी मारायची सोय नाही. तरीही विकणार नाही, कारण ते नवं मशीन लांब फळीला माझ्या या बिडासारखा आधार देणार नाही. ज्याला महिन्याभरात फर्निचर करून द्यायचंय त्याने मात्र या वाटेला जाऊ नये. इथे पहिले दोन महिने आपण मशीनचे सुतार असतो, लाकडाचे नाही.

शाफ्टवरचा गार्ड माझ्या मशीनला नव्हता. मी प्लायचा सरकता गार्ड केला, आणि तो होईपर्यंत सरफेसवर एकही फळी चालवली नाही, एवढं एक शहाणपण सुचलं. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला घासा, मास्क लावा. मास्क तर एरवीही हवा. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारणीभूत ठरतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय, आणि या जुन्या धुडांना भुसा ओढायचं तोंडच नसतं. मी थिकनेसरखाली पत्र्याचा नरसाळा वाकवून बसवला. दिसायला भिकार आहे, पण चालतो.

त्याच वर्कशॉपात दुसरं एक रंधा मशीन फुकट देत होते. जास्त जुनं, आणि शाफ्ट चौकोनी. ते मात्र हात जोडून नाकारलं. चौकोनी शाफ्ट आणि टेबलाच्या कडेत एवढी फट राहते की बोट गेलं तर मुळापासून जातं. ब्रिटनने हाताने सरकवायच्या रंध्यांवर गोल शाफ्टची सक्ती १९२२ च्या नियमांतच केली होती. फुकट म्हटल्यावर माझं मन तासभर घुटमळलं, हे कबूल करतो.

तर बँडसॉ. चाकांचे रबरी पट्टे वाळून तडकलेले आहेत असं फोटोत दिसतंय. ते बदलता येतात. वरचं चाक हाताने फिरवून डगमगतं का बघणार, शाफ्टला वर-खाली खेळ आहे का बघणार, ब्लेडचे गाईड पूर्ण आहेत का मोजणार. चौकटीला दांड्याने ठोकणार. उचलताना टेबलाला धरू देणार नाही. गेल्या वेळी हमालांनी रंध्याच्या टेबलाची टोकं धरली होती आणि मी नुसता ओरडत राहिलो. मोटरच्या पाटीचा फोटो मागवलाय, अजून आला नाही. तो आला आणि त्यावर दोन आकडे असले तर गुरुवारी जाईन.

ब्लेडचा ताण द्यायचा स्क्रू बदललेला आहे, असं ते म्हणाले. किती इंचाचा, विचारलं. "अर्धा असेल," म्हणाले. पिच गेज पिशवीत टाकून ठेवलाय.