चढा भाव, हलका काटा: जुन्या बॅटऱ्या भंगारात देताना

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात द्यायच्या असतील तर भंगारवाला दारात यायच्या आधी त्यांचे वजन करून ठेवा. हे वाचून बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र कराच. आमच्या देवस्थानाला आठ हजारांच्या आसपास फटका बसला. भाव चढाच मिळाला होता, पैसे गेले ते वजनात.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात देवळाच्या सभागृहाला मोठा इन्व्हर्टर आहे. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि लग्न असो, कीर्तन असो की जत्रेचे नाटक, काळोखात माणसांना बसवून ठेवता येत नाही. त्याला १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचे माप) चार उंच ट्युब्युलर बॅटऱ्या लागतात, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात त्या ॲसिड भरलेल्या शिशाच्या बॅटऱ्या. यंदा गणेश चवथीआधी त्या बदलायचे ठरले. त्यांच्याबरोबरच घेतलेली, त्याच कंपनीची आणि त्याच मापाची पाचवी बॅटरी कचेरीतल्या लहान इन्व्हर्टरवर अजून तग धरून होती, म्हणून ती ठेवली. ती राहिली म्हणूनच सगळा प्रकार उघडकीस आला.

नव्या बॅटऱ्या देणारा डीलर जुन्यांना किलोला ८५ रुपये देत होता, ॲसिडसकट, जशा आहेत तशा. त्याच सुमारास पिकअप घेऊन एक भंगारवाला गावात फिरत होता. त्याने भाव सांगितला १०५. पैसा देवाचा, चार पैसे जास्त मिळत असतील तर मिळवायला हवेत, असे समितीत सगळ्यांचेच मत पडले आणि त्यात वावगे काही नव्हते.

त्या १०५ चा अर्थ वजन झाल्यावर कळला. चारही बॅटऱ्या काट्यावर चढून उतरल्या आणि मग तो म्हणाला, "पात्रांव (म्हणजे मालक), हा भाव सुक्या मालाचा. पाण्याचे तीस टक्के कापणार." पाणी म्हणजे आतले ॲसिड. आता हा हिशेब नीट पाहा. तीस टक्के कापल्यावर १०५ चा भाव भरलेल्या बॅटरीला ७३ रुपये ५० पैसे पडतो. म्हणजे काटा अगदी चोख असता तरी डीलरचे ८५ च जास्त होते. उंच ट्युब्युलर बॅटरीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ॲसिडच भरते, त्यामुळे सुका भाव आणि ओला भाव वेगळे असणे यात काही खोटे नाही. भाव कोणत्या मालाचा सांगतोय हे आधी न सांगणे, यात खोट आहे. "ओली की सुकी?" हा प्रश्न फोनवरच विचारा आणि कापणार किती तेही तेव्हाच वदवून घ्या.

मुळात फार चढा भाव कोणाला परवडतच नाही. बॅटरीत विकत घेण्यासारखे असते ते शिसे. शिशाचा भाव लंडनच्या धातूबाजारात रोज ठरतो आणि आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारात किलोच्या हिशेबात दिसतो. गेली दोन-तीन वर्षे तो १८० रुपयांच्या आगेमागे फिरत आला आहे. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत शिसे साधारण निम्मे, बाकी ॲसिड आणि प्लॅस्टिक. ते शिसे वितळवून शुद्ध करायचा खर्च, गाडीभाडे, मधल्या दोघा-तिघांचा नफा, सगळे त्यातूनच निघायचे असते. तेव्हा ओल्या बॅटरीचा भाव शिशाच्या निम्म्याच्या वर कोणी सांगत असेल, तर तो तुटीचा धंदा करायला आलेला नाही. ती तूट तो दुसरीकडून भरून काढणार.

आमच्याकडे ती काट्यातून भरून काढली. लोखंडी बार दोन पोरांच्या खांद्यांवर, बाराला डिजिटल ताणकाटा, काट्याच्या हुकाला दोरी आणि दोरीला बॅटरी. आकडे आले ३८, ३७.५, ३९ आणि ३८. एकूण १५२.५ किलो. त्यातले तीस टक्के गेले, वरचे पाऊण किलो त्याने सोडायला लावले, राहिले १०६. त्याचे ११,१३० रुपये रोख मोजून दिले आणि पिकअप गेली.

देवस्थानाची वस्तू विकली की वहीला जोडायला फोटो काढायची आमच्याकडे रीत आहे. मी दुसऱ्या बॅटरीचा फोटो काढला होता. रात्री हिशेब लिहिताना काट्यावरचा आकडा नीट दिसतो का म्हणून तो मोठा केला. आकडा स्पष्ट होता, ३७.५. पण बॅटरी अधांतरी नव्हती. तिचा खालचा कोपरा पायरीच्या चिऱ्यावर टेकलेला होता आणि मागच्या पोराने गुडघा तिच्या बुडाला लावलेला होता. समोर उभे राहणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याची नजर काट्याच्या आकड्यावर खिळलेली असते. माझा फोटो बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली पाचवी बॅटरी सोडवून काजू खरेदी करणाऱ्या आमच्या व्यापाऱ्याकडे नेली. त्याचा काटा प्लॅटफॉर्मचा, सरकारी सील असलेला. वजन भरले ५६ किलो २०० ग्रॅम. जुळी भावंडे असावीत तशा त्या पाच बॅटऱ्या होत्या. चौघींचे धरले तर २२४ किलोंच्या घरात, आणि आम्हाला मोजून दिले १५२.५. डीलरच्या ८५ नेच दिल्या असत्या तर १९,००० च्या वर हातात आले असते.

गावातल्या एका जुन्या ट्रकमालकाला, आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो, फोटो दाखवला. त्यांनी एका नजरेत ओळखले. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीत अंगणाअंगणात खनिज वाहणारे टिपर ट्रक उभे होते आणि एकेका ट्रकच्या दोन-दोन बॅटऱ्या विकल्या जात होत्या. त्या काळात त्यांनी हे बरेच पाहिले होते. "भाव जास्त सांगायला त्यांचे काय जाते? काटा त्यांचाच ना," भाऊ म्हणाले. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. आमच्या एका बॅटरीला हात लावून तो भंगारवाला म्हणाला होता, "हिचा सेल मेलाय, हिला भाव कमी." भंगारात सेल जिवंत आहे की मेला याने काही फरक पडत नाही, मेलेल्या सेलातही शिसे तेवढेच. हे बोलून भाव पाडायला बघतात. उलट एखादी बॅटरी चांगली निघाली तर तिला चार्ज करून सेकंडहँड म्हणून विकतात. त्यामुळे देण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. पूर्ण चार्ज होऊन काही तास तशीच ठेवलेली धडधाकट बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. तशी असेल तर ती भंगाराच्या भावात का द्यायची?

पैशांपेक्षा मला जास्त लागली ती पुढची गोष्ट. पाण्याचे तीस टक्के कापून घेतल्यावर गाडी हलकी व्हावी म्हणून त्या पोरांनी दोन बॅटऱ्या आवाराच्या कडेला उपड्या केल्या. सिमेंटवर फेस आला, गवत दोन दिवसांत करपले. ते ॲसिड म्हणजे गंधकाम्ल आणि वापरलेल्या बॅटरीच्या ॲसिडात शिसेही उतरलेले असते. तिथून उतार सरळ देवळाच्या तळीकडे जातो. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आणि अमुक इतके शरीरात गेले तर चालते अशी सुरक्षित मर्यादा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या तळीत गावची मुले पोहतात. आम्ही त्या जागेवर खाण्याचा सोडा टाकला, वरची माती खरवडून पत्र्याच्या झाकणाखाली वेगळी ठेवली. कोणी तुमच्या आवारात बॅटरी उपडी करायला लागला तर त्याला तिथेच थांबवा, सौदा मोडला तरी चालेल. पोरांच्या हातात हातमोजे नव्हते, पायात साध्या चपला. त्यांचाही विचार करवत नाही.

बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, ते याचसाठी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या अधिकृत ठिकाणी पोहोचेल असे पाहणे ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि जुन्या बॅटऱ्या परत जमा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून पहिली चौकशी डीलरकडेच करा. तिथेही डोळे उघडे ठेवा. नव्या बॅटरीचे दोन भाव लिहून मागा, एक जुनी देऊन आणि एक न देता. दोन्हींतला फरक हाच तुमच्या जुन्या बॅटरीला मिळालेला खरा भाव. काही जण जुनीचे पैसे भरघोस दाखवतात आणि नवीचा भाव तेवढाच वर नेतात.

वजनाची सोय घरीही होते. माणसांचे वजन करायचा काटा १५० किलोपर्यंतचा असतो. जमिनीवर सपाट ठेवा, दोघांनी मिळून बॅटरी सरळ उभी त्यावर ठेवा, हात काढा, फोटो घ्या. आडवी करू नका, झाकणांतून ॲसिड सांडते. बॅटरीच्या माहितीपत्रकात बहुतेकदा भरलेले वजन छापलेले असते, त्याच्याशी ताडून बघा. जुन्या बॅटरीतले पाणी कमी झालेले असेल तर दोन-चार किलो खाली येईल, पण अठरा किलो नाही.

भंगारवाल्याचाच काटा वापरायची वेळ आली तर त्याला आधी ओळखीच्या वजनाने तपासा. तांदळाची न फोडलेली २५ किलोची गोण पुरते. ताणकाटा असेल तर लटकवलेली वस्तू चारही बाजूंनी मोकळी हवी, खालून हात फिरला पाहिजे. व्यापारात वापरायचा काटा २००९ च्या वैधमापन कायद्याखाली तपासून त्यावर मुद्रा उमटवलेली असावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दरवर्षी होते, आणि सीलवर वर्षाचे आकडे व तिमाहीचे अक्षर असते. आमच्याकडे आलेल्या काट्याच्या फोटोत सील कुठेच दिसत नाही.

आम्ही फोटो, पिकअपचा क्रमांक आणि काजूच्या काट्यावरच्या वजनाची चिठ्ठी जोडून वजन-मापे खात्याकडे अर्ज दिला आहे. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांकही आहे. भंगारवाल्याने आम्हाला दिलेल्या कागदावर फक्त '११,१३०' एवढाच आकडा आहे, ना वजन, ना भाव, ना सही. तुम्ही पावती घ्याल तेव्हा प्रत्येक बॅटरीचे वजन, ओली की सुकी, किलोचा भाव, कापलेले टक्के, गाडीचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही एवढे एका कागदावर लिहून घ्या, आणि ते झाल्याशिवाय बॅटरी गाडीत चढू देऊ नका.