जुन्या पिकअपला रंगवलेल्या डिस्क घेऊ नका

आमची बोलेरो पिकअप २००९ सालची. ओतूर-नारायणगावचा माल भरायचा आणि माळशेज उतरून कल्याणला न्यायचा, हा तिचा रोजचा रस्ता. चारही डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती लोखंडी चाकं, गंजून काठाला खरखरीत झाल्या होत्या, त्यामुळे ट्यूबलेस टायर हवा धरेनात. रात्री हवा भरायची, सकाळी टायर बसलेला. टायरही झिजून गोटा झाले होते. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला होता, एक खेप चुकली तरी जिवाला लागायचं. त्या घाईत मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथे जे झालं ते सगळं लिहितो. असल्या चाकांवर आज कुणाची तरी पोरंबाळं गाडीत बसून घाट उतरत असतील.

दुकानदार म्हणाला, "दादा, शोरूमच्या गाडीचा माल आहे. मालकाने गाडी घेतली आणि लगेच अलॉय टाकले. टायर पण वर्षाच्या आतले." एक चाक त्याने समोर ठेवलं. चांदीसारखी डिस्क, काळाभोर टायर, खोल नक्षी. बाकीची तीन गोदामातून आली, टायर चढवून, हवा भरून, तयार. मला ती सोय वाटली. आता कळतं की टायर चढलेला असला की डिस्कची आतली बाजू आपल्याला बघताच येत नाही, आणि तेच त्याला हवं होतं.

चार चाकांचे १७ हजार ठरले. "जुन्या डिस्क इथेच टाका, दोन हजार वजा करतो," म्हणाला. मी चार दिल्या, स्टेपनीची पाचवी मात्र गाडीखाली तशीच राहिली. १५ हजार रोख दिले, कारण त्याचं ऑनलाइन त्या दिवशी 'बंद' होतं. हातात चिठ्ठी मिळाली, तिच्यावर "चार नग" आणि आकडा. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही.

दुसऱ्या दिवसापासून साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंगवाल्याने शिसं लावलं, काढलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाला, "डिस्कच आऊट आहे," म्हणजे वाकडी. दुकानदाराला फोन केला तर तो ठामपणे सांगतो, "डिस्कला काही होत नाही दादा, तुमची गाडी जुनी, बुश बघून घ्या." मी त्याच्यावर विश्वास ठेवून बुश बदलले. आणखी तीन हजार गेले. थरथर होती तशीच राहिली.

नवव्या दिवशी ६० कॅरेट भरून निघालो. २० किलोचं एक कॅरेट, म्हणजे बाराशे किलो माल. घाटात धुकं आणि पाऊस. उतार लागला तसा पुतण्या म्हणाला, "काका, मागून काहीतरी वाजतंय." खट... खट... चाकाच्या फेऱ्याबरोबर. मी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाचे पाचपैकी दोन नट हाताने फिरत होते, एक बोल्ट मुळातून तुटलेला. नटाच्या कडेने चांदी रंगाची खपली सुटली होती, तिच्याखाली पिवळट लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि लांबीच्या खाली बोल्टच्या भोकापासून निघालेली भेग. माझं बोटाचं नख त्या भेगेत जात होतं. पलीकडे दरी होती. त्या पावसात दोघांनी जुनी गंजकी स्टेपनी चढवली आणि वीसच्या वेगाने टोकावड्यापर्यंत उतरलो.

तिथल्या पंक्चरवाल्या अण्णांनी चाक खोललं. त्यांच्याजवळ स्पीकरचं जुनं चुंबक होतं. ते डिस्कवर फिरवलं तर कुठे घट्ट धरायचं, कुठे नुसतं घसरून पडायचं. जिथे पडलं तिथे लांबी भरलेली. चाकूने खरवडल्यावर एका ठिकाणी भेगेवर वेल्डिंगही निघालं. बोल्टची भोकं गोल असायला हवीत, ती लांबट झालेली. म्हणजे ती डिस्क आधीही कधीतरी ढिली चालली होती. वर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. डिस्क जिथे ड्रमला टेकते तिथे रंगाचा जाड थर असला की नट कितीही आवळा, थर दबतो आणि नट ढिले पडतात. तिथे लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे.

टायरची गोष्ट त्याहून वाईट. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पूर्ण आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि माझ्या चारही चाकांत ती बाजू आत फिरवून बसवलेली. अण्णांनी टॉर्च मारला: ३४१३. २०१३ सालचा चौतिसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर मला वर्षाच्या आतला म्हणून विकला. नक्षी खोल दिसत होती ती गरम पात्याने नव्याने कोरलेली. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारा छोटा आडवा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा; रबर त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझ्या टायरमध्ये तो उंचवटाच कोरण्यात कापला गेला होता. एका खाचेत तर आतले धागे दिसत होते.

घरी व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून चारही डिस्क स्टेपनीशी ताडून पाहिल्या. दोन डिस्क मालवाहू गाडीच्या नव्हत्याच, पत्रा पातळ. पाच बोल्टचं १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ जुन्या जीपपासून चालत आलंय. बोलेरोला तेच आहे, मारुतीच्या जिप्सीलाही तेच. त्यामुळे हलक्या गाडीची डिस्कही आपल्या बोल्टवर सहज चढते आणि आपल्याला वाटतं बसली. स्टेपनीवर मापाचा आणि कंपनीचा ठसा आहे. या चारांवर तो घासून वर लांबी भरलेली. ठसा नसलेली डिस्क हातातसुद्धा घेऊ नका. विकणाऱ्याला टायर उतरवून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर उठा. गंज दिसणारी डिस्क परवडली, निदान ती काय आहे ते दाखवते. आणि आपल्या जुन्या डिस्क त्याच्याकडे सोडू नका, ताडायला तेवढंच उरतं.

चिठ्ठी घेऊन एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस कायद्याने ग्राहकच धरला जातो, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार देता येते. पण कुणाविरुद्ध? माझ्याकडच्या कागदावर त्या माणसाचं नावच नव्हतं. दुकानात गेलो तर तो म्हणाला, "हा आमचा मालच नाही."

पुढे उसने घेऊन नव्या डिस्क आणि टायर पक्क्या बिलावर घेतले. पन्नास किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळले, आता प्रत्येक वेळी आवळतो.

त्या चार डिस्क अंगणात पडून होत्या. भंगारवाला आला आणि किलोचा भाव न विचारता नगाचा भाव सांगायला लागला, "भाऊ, रंग मारला की जातील." मी त्याला थांबवलं, वेल्डिंगवाल्याकडून गॅस कटर आणला आणि चारही डिस्क बोल्टच्या भोकांमधून आरपार कापल्या. मग किलोवर दिल्या.