छोटी लिंक कुठे तपासावी: अधिकचं चिन्ह, एक्सपांडर की व्हायरसटोटल?

‘आपल्या वाहनाचे चलन थकीत आहे, आजच भरा’ आणि खाली बिट.ली या लिंक छोटी करणाऱ्या सेवेची चिमुकली लिंक. चलन खरंच असू शकतं, त्यामुळे मेसेज सरळ उडवताही येत नाही. त्या लिंकमागे काय आहे, हे ती न उघडता बघायचे तीन मार्ग आहेत. तिन्हींचं काम मात्र एकच नाही.

आधी एक सांगतो. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत चित्र आणि मथळ्याचं जे कार्ड दिसतं, ते पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार झालेलं असतं. त्यावर सरकारी बोधचिन्ह आहे, ही खात्री नव्हे.

पहिला मार्ग लिंक छोटी करणाऱ्या सेवेनेच दिलेला असतो. मेसेजमधली लिंक दाबून धरा, कॉपी करा, ब्राउझरच्या पट्टीत पेस्ट करा आणि शेवटी + टाका. बिट.ली पुढे न जाता माहितीचं पान दाखवतं, मूळ पत्ता त्यावर असतो. इज.जीडीच्या लिंकला + ऐवजी - लावायचं. 2002 पासून चालू असलेल्या टायनीयूआरएलच्या पत्त्याआधी ‘प्रिव्ह्यू’ आणि टिंब टाकायचं. घोळ होतो तो पेस्ट करताना. कॉपी केलेली लिंक काही ब्राउझर स्वतःहून सुचवतात. त्या सूचनेवर बोट पडलं की + टाकायच्या आधीच पान उघडतं.

यात तिसऱ्या कुणाकडे लिंक जात नाही, काही बसवावं लागत नाही, म्हणून रोजच्या वापराला मला हाच मार्ग बरा वाटतो. पण तो पुढचा एकच टप्पा दाखवतो. बिट.लीमागे दुसरी छोटी लिंक दडवलेली असेल, तर तेवढीच दिसते. शिवाय एक्सच्या (पूर्वीच्या ट्विटरच्या) टी.कोला आणि कितीतरी फुटकळ सेवांना अशी सोय नाही.

तिथे एक्सपांडर, म्हणजे छोटी लिंक उलगडून दाखवणारी साइट, कामाला येतो: चेकशॉर्टयूआरएल, अनशॉर्टन.इट वगैरे. तो स्वतःच्या सर्व्हरवरून सगळे टप्पे पार करतो आणि शेवटचा पत्ता दाखवतो. भामट्यांनाही हे ठाऊक आहे. समोर सर्व्हर आहे की ॲन्ड्रॉइड फोन, हे ओळखून त्यांची साइट सर्व्हरला साळसूद पान दाखवू शकते आणि फोनला दुसरंच. पासवर्ड बदलण्याची, रिपोर्टची किंवा खासगी फाइलची लिंक इथे टाकूच नका. एकदाच चालणारी लिंक तपासण्यातच वापरली जाऊ शकते, आणि ती परक्याच्या हाती पडते ते वेगळंच.

व्हायरसटोटलचा प्रश्न निराळा. लिंक कुठे जाते यापेक्षा, तिच्याबद्दल सुरक्षा कंपन्यांचं काय मत आहे, हे ते सांगतं. 2004 मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा 2012 पासून गूगलकडे आहे. एका फटक्यात सत्तरहून जास्त कंपन्यांचे निकाल समोर येतात. बरेच लोक ‘शून्य धोका’ बघून निर्धास्त होतात, ते मला पटत नाही. शून्य म्हणजे अजून कुणी तक्रार नोंदवलेली नाही, एवढंच. आज सकाळी उभी केलेली बनावट साइट दुपारपर्यंत तिथे स्वच्छच दिसू शकते. उलट चार-पाच कंपन्यांनी लाल शेरा मारला असेल, तर त्यावर खुशाल विसंबा. एकटाच लाल शेरा कधीकधी चुकीचा असतो. टाकलेली लिंक इतरांनाही शोधता येते, तेव्हा वरचं पथ्य इथेही आहेच.

टर्मिनलमध्ये (संगणकाला लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीत) काम करायची सवय असलेले कर्ल या आज्ञेने, लिंक पुढे कुठे जाते ते सांगणारी ‘लोकेशन’ ओळ थेट वाचतात. झटपट काम, पण विनंती आपल्याच इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) जाते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना + एवढंच शिकवा. ऑफिसात दिवसभर परक्या लिंका येत असतील तर आधी एक्सपांडर, मग व्हायरसटोटल. कोणताही मार्ग घेतला तरी मिळालेला पत्ता वाचता आला पाहिजे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे बघा. तिथे गव्ह.इन हवं. ‘परिवहन’ पुढे आणि शेपटीला भलतंच नाव असेल, तर साइट त्या शेपटीवाल्याची. पत्त्याच्या टोकाला .एपीके दिसलं तर पुढे तपासायचं कारणच नाही, ते थेट ॲप उतरवणारं आहे.

लिंक कुठून आली, हेही बघावं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार ऑक्टोबर 2024 पासून कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएसमधली लिंक आधी नोंदवलेली असावी लागते. दहा आकडी नंबरावरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकला हे बंधन लागू होत नाही.

चलनापुरतं बोलायचं तर लिंक तपासत बसण्यापेक्षा महाट्रॅफिकईचलन.गव्ह.इन स्वतः टाइप करा आणि गाडीचा नंबर घाला. खरं असेल तर तिथे दिसेल. लिंक उघडून पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.