रॅकेटटेल की स्पॅट्युलटेल?

दक्षिण अमेरिकेला निघालेल्या मैत्रिणीला या दोनपैकी एकाच हमिंगबर्डसाठी वेळ काढता येणार आहे.

पोहोचायला बूटेड रॅकेटटेल सोपा. इक्वाडोरमध्ये कितोहून मिंदो साधारण दोन तासांवर, आणि तिथे साखरपाण्याच्या भांड्यांवर तो सहज येतो. मार्व्हलस स्पॅट्युलटेल मात्र फक्त उत्तर पेरूत, उत्कुबांबा खोऱ्याच्या परिसरात; प्रवास लांबचा.

पिसारा? रॅकेटटेलच्या पायांवर पांढरे गोंडे, शेपटीला दोन चकत्या. देखणाच! पण स्पॅट्युलटेलच्या शेपटीत पिसं जेमतेम चार. त्यातली दोन लांबलचक, एकमेकांना छेदणारी, टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या. नर या चकत्या मादीसमोर नाचवतो. याला तोड नाही. (दोन्हींत हा थाट नरांचाच.)

दिवस मोजके किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर मिंदो. आठवडा हाताशी असेल तर पेरूच गाठ.