गोळ्यांनंतरचा अबोला आणि मी-ओ क्रीमी ट्रीट

मांजराला गोळी देण्याची साधने बाजारात पुष्कळ आहेत. गोळ्या संपल्यावर जो अबोला सुरू होतो, त्यावर मात्र दुकानात वेगळे असे काही मागता येत नाही. आमच्या मांजरीला सततच्या शिंकांसाठी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स द्यावा लागला. ही गोळी मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी अडकून राहिली तर तेथे जखम होऊ शकते, म्हणून तिच्यामागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजावे लागते. म्हणजे एकाच बैठकीत दोनदा जबरदस्ती. शिंका थांबल्या, कोर्स संपला आणि मांजरीने पलंगाखाली मुक्काम ठोकला. औषधांचा खण उघडल्याचा आवाज झाला तरी ती भिंतीशी सरकून बसे. त्या काळात वापरलेल्या मी-ओ या थाई ब्रँडच्या क्रीमी ट्रीटचे हे परीक्षण आहे.

एका पाकिटात 15 ग्रॅमच्या चार लांबट नळ्या येतात आणि आत मासळीचे किंवा चिकनचे मऊ चाटण असते. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे तिची मनधरणी करायची तर वासाचाच आधार घ्यावा लागतो, आणि वास या चाटणाला भरपूर आहे. (घरातल्या शाकाहारी मंडळींनी खिडकी उघडी ठेवावी.)

माझ्या मते या वस्तूचा खरा गुण चवीपेक्षा तिच्या घडणीत आहे. कोरड्या खाऊचा दाणा टाकला तर मांजर तो तोंडात धरून पसार होते. नळीतले चाटण मात्र सावकाश चाटावे लागते, आणि तेवढा वेळ ती माणसाच्या हाताजवळ आपखुशीने थांबते. सुरुवातीला मी ते बशीत काढून पलंगाजवळ ठेवत असे आणि खोलीबाहेर जात असे. पुढे बशीशेजारी बसू लागलो, मग नळीच हातात धरली. तेव्हा तिचे पुढचे पाय फरशीवर आणि मागचे अजून पलंगाखाली, मान ताणलेली, कान मागे वळलेले आणि जीभ मात्र भराभर चाललेली, असे दृश्य असे. हात लावण्याची घाई येथे करू नये. गोळी देताना आपण जबडा धरलेला असतो, म्हणून पहिला स्पर्श हनुवटीला न करता तिनेच गाल घासला तर बोटाच्या मागच्या बाजूने करावा.

या चाटणात गोळी कुस्करून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उपचार चालू असताना तो सोयीचा वाटला, तरी मेट्रोनिडॅझोलसारखी जहाल कडू गोळी एकदा त्यात लागली की मांजर त्या चाटणाकडेच पाठ फिरवते. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याची वृत्ती तिच्यात माणसाहून कमी नसते. विश्वास परत मिळवण्यासाठी जो खाऊ वापरायचा, तो औषधापासून संपूर्ण अलिप्त ठेवावा, आणि शक्य तर त्याची जागा व वेळही वेगळी असावी.

हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा खाद्याची ॲलर्जी असलेल्या मांजराला तो देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. फोडलेली नळी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी, मात्र थंडगार चाटणाचा वास मंदावतो, त्यामुळे देण्यापूर्वी ती थोडा वेळ मुठीत धरणे बरे. वजनाच्या मानाने हा प्रकार स्वस्त नाही. त्यात मांजरांच्या आवडीनिवडी सांगता येत नाहीत, आमच्याकडे बोनिटो या माशाचा स्वाद चालला आणि खेकड्याचा स्वाद नुसता हुंगून सोडण्यात आला. तेव्हा मोठा साठा करण्याआधी निरनिराळ्या स्वादांची एकेकच पाकिटे आणावीत.